सूर न लावण्याचं काम

तिला सगळे किल्ली म्हणायचे. खरं नाव वीजबिलावर छापलेलं असायचं, आणि ते तिथंच बरं होतं. शहरातल्या पियानोंच्या तारा ताणून, सैल करून सुरात आणायचं काम ती तीस वर्षं करत होती. त्या कामाची जड लोखंडी किल्ली तिच्या पिशवीत बाकीच्या हत्यारांवर आपटत यायची, त्यामुळे जिन्यात पाऊल पडायच्या आधीच घरात कळायचं, बाई आली. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नाक मुळात लांब. एका वकिलानं एकदा तिला मागच्या दारानं यायला सांगितलं. ती आली होती त्या पुढच्या दारानंच परत गेली, आणि वकिलाचा पियानो सहा महिने बेसूर राहिला. शेवटी तो स्वतः तिला न्यायला आला, पिशवीही त्यानंच उचलली.

कानाला मात्र सुट्टी नव्हती. दात दाखवायला गेली तेव्हा तोंडाचा आ वासलेला असतानाच तिनं दातांच्या डॉक्टरीणबाईंना खुणेनं थांबवलं आणि सांगितलं, तुमच्या यंत्राचा सूर उतरलाय, आत काहीतरी झिजलंय. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं. लोक याला कौतुकानं देणगी म्हणतात. ज्याच्या अंगात असते त्याला ती खाजेसारखी असते, बसू देत नाही.

पियानोच्या एका पट्टीमागे बहुतेक ठिकाणी तीन तारा असतात. हातोडी तिन्हींवर एकदम पडते. तिन्ही जुळलेल्या असल्या तर एकच सरळ सूर निघतो. त्यातली एक केसभर जरी ढिली पडली, तरी सुराच्या पोटात एक लहर उठते, वाँव, वाँव, वाँव, कुणीतरी दुरून दार ढकलून सोडून द्यावं तशी. किल्लीचं काम ती लहर मारायचं. तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती खुंटी कणभर फिरवायची, लहर मंदावते, लांबते आणि विझते. तीस वर्षांत तिनं किती लहरी मारल्या याची गणती नव्हती, आणि जिवंत सोडलेली एकही तिला आठवत नव्हती.

हे काम बाबांनी शिकवलं. दोन मुली होत्या. थोरलीला त्यांनी पियानोच्या पट्ट्यांपुढे बसवलं आणि धाकटीला पियानोच्या पाठीमागे. का, ते कुणी विचारलं नाही. धाकटीनं आयुष्यभर मनातल्या मनात विचारलं. थोरली परीक्षा देत गेली आणि शाळेत संगीताची शिक्षिका झाली. धाकटी त्याच शाळेचे दोन पियानो दर दोन महिन्यांनी लावायला जायची. ताई वर्गात, ही वर्गाबाहेर बाकावर, तास संपायची वाट बघत. बोलणं चालू होतं, पण त्यात टाचण्या फार. ताईच्या घरच्या पियानोला मात्र हिनं अकरा वर्षांत हात लावला नव्हता. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ही पिशवी घेऊन गेली होती, आणि ताईनं दारातच सांगितलं होतं, त्याला हात लावायचा नाही. किल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. पुढे कुणीतरी तिच्या कानात घातलं की ताईकडे एक दाढीवाला येतो सूर लावायला. तिनं ते खरं धरलं. रागीट माणसाला असली बातमी तपासून बघायची नसते, तिचा उपयोग असतो.

एका दुपारी शाळेतला पियानो लावून ती वर्गाबाहेर पडली, तर दारात एक पोरगी जमिनीवर बसलेली. कानाला मोठे हेडफोन, हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र. ही पोरगी सिनेमा करत होती. कुणाच्या पाठबळाशिवाय, ओळखीपाळखीवर, तीन वर्षं घासून. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या धुलाईघरातल्या बाईचा एक दिवस, एवढाच सिनेमा. त्या बाईला सकाळीच कळलेलं असतं की आजची पाळी शेवटची. ती कुणाला सांगत नाही, आणि दिवसभर चादरींच्या घड्या घालत राहते. चौऱ्याहत्तर मिनिटं. पोरीनं शाळेच्या मधल्या सुट्टीचे आवाज टिपायला यंत्र आणलं होतं, आणि सुट्टी सोडून ती तासभर किल्लीचं काम ऐकत बसली होती.

तिनं सांगितलं, मावशी, तुम्ही तो एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होता ना, तो माझ्या बाईच्या डोक्यात चाललेला आवाज आहे. मला माझ्या सिनेमाचं संगीत तुमच्याकडून हवंय.

किल्लीला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. ती म्हणाली की संगीत आत मिळतं, आत एक बाई आहे परीक्षा पास झालेली. पोरगी हलली नाही. शेवटी किल्लीनं तिला बाकावर बसायला जागा दिली. तिच्याकडून हा मोठाच मान होता.

पुढचे दोन महिने किल्लीच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडे सूर मागितला होता. आजवर सगळ्यांनी दुरुस्ती मागितली होती. ती एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाताना रस्त्यात थांबून वहीत खुणा करायची. स्वरलिपी तिला येत नव्हती. तिनं स्वतःचीच काढली होती, पट्टीला आकडा आणि थांबायला आडवी रेघ. दुकानांच्या पायऱ्यांवर, शिंप्याच्या बाकड्यावर, कुठंही बसायची. भाजी घेताना एकदा तिनं तराजूच्या पारड्यावर बोटानं ताल धरला, तेव्हा भाजीवाली म्हणाली, बाई, वजन झाल्यावर वाजवा.

आधी तिनं काय केलं, तर जे कुणीही करील तेच. भरलं. दोन्ही हातांचं, धबधब्यासारखं, वर-खाली. पोरीनं ऐकलं आणि अदबीनं सांगितलं की यातलं अर्धं काढू. किल्लीनं दात-ओठ खात अर्धं काढलं. पुढच्या आठवड्यात पोरगी म्हणाली, अजून अर्धं.

"मग मलाच काढ की," किल्ली म्हणाली. "तेवढीच जागा होईल."

पण घरी जाऊन तिनं पुन्हा काढलं. काढता काढता तीन पट्ट्या उरल्या. दोन सुरात असलेल्या, एक बिघडलेली. आधी पहिली, मग दुसरी, मग मोठी आडवी रेघ, आणि मग ती बिघडलेली, जिच्या पोटात लहर आहे. ती वाजवायची आणि लहर आपल्या वेळेनं संपेपर्यंत पट्टी दाबून ठेवायची. सिनेमात सात जागा होत्या, सातही जागी याच तीन पट्ट्या, फक्त थांबणं वेगवेगळं. पहिल्यांदा असं वाजवून झालं तेव्हा पोरगी काहीच बोलली नाही. खिडकीकडे बघत राहिली. किल्लीला त्या न बोलण्याची इतकी सवय नव्हती की तिनं चिडून विचारलं, काय झालं, आवडलं नाही का?

लहर मात्र खोटी चालणार नव्हती. त्यासाठी बिघडलेला पियानो हवा, आणि शहरातले सगळे पियानो तर किल्लीनंच लावून ठेवलेले. शेवटी कामगार सभागृहात एक सापडला. भिंतीला टेकलेला, वर सूचनांचे जुने कागद आणि एक तुटकी छत्री. कुणीतरी कधीतरी भेट दिलेला. तो लावायला कुणाला बोलवायचं यावर समितीचं एकमत कधी झालं नव्हतं, म्हणून त्याला वीस वर्षं कुणी हात लावला नव्हता. बाकीच्या पट्ट्या बऱ्यापैकी होत्या. मधली एक मात्र अशी सुंदर बिघडली होती की किल्लीला तिच्यापुढे बसवेना. एका श्वासात चार लहरी. हात आपोआप पिशवीकडे जायचा आणि ती तो मांडीखाली दाबून बसायची. पोरीला हसू यायचं. किल्लीला येत नव्हतं. आयुष्यभर ज्याला दोष म्हणून ठेचलं, त्याच्यापुढे हात बांधून बसायचं, हे काय सोपं आहे का? पोलिसाला सांगा, चोर समोर आहे, नुसता बघ.

मंगळवारी पहिल्या चार जागांचं मुद्रण झालं. गुरुवारी उरलेल्या तीन व्हायच्या होत्या. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत सिनेमा पाठवायचा होता. बाहेरच्या एका महोत्सवानं तो निवडला होता, आणि त्यांची वेळ म्हणजे वेळ. मंगळवारी तिथं सिनेमाचा संकलकही होता. किल्लीनं त्याचं नाव कात्र्या ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण सावध. त्यानं सातही जागी तयार संगीत लावून ठेवलं होतं, डब्यातून काढून चिकटवायचं तसलं. मावशींचं वेळेत नाही झालं तर हे आहेच, असं तो दर तासाला एकदा म्हणायचा. त्यानं शेवटी येणाऱ्या नावांची यादीही करून आणली होती. किल्लीनं चष्मा लावून वाचली. तिचं नाव अगदी तळाला होतं, आणि त्यापुढे होतं, पियानो साहाय्य.

ती यादी तिनं शांतपणे घडी करून त्याच्या खिशात घातली. शांतपणे, म्हणून पोरगी घाबरली. कष्टाच्या कामाला साहाय्य म्हणायची खोड फार जुनी आहे. घर चालवणारी मदत करते, इमारत बांधणारा हातभार लावतो, आणि नाव लागतं ते तिसऱ्याचंच. किल्ली म्हणाली की तिथं संगीत असं लिहायचं आणि पुढे माझं नाव, वीजबिलावर आहे ते, पूर्ण. नाहीतर आजच्या चारही जागांचे सूर मी परत घेऊन जाते. सूर परत कसे नेणार, असं कात्र्यानं विचारलं नाही. शहाणा होता. पोरीनं तिथंच पेन काढून दुरुस्ती केली.

त्याच संध्याकाळी किल्लीनं ताईला फोन केला. सिनेमाला संगीत देतेय, गुरुवारी सभागृहात ये, म्हणजे कळेल. काय कळेल ते तिनं सांगितलं नाही. ताईनं एवढंच म्हटलं, बघते.

गुरुवारी किल्ली अकराच्या ऐवजी सव्वादहालाच सभागृहात पोचली. पोरगी आणि कात्र्या यायचे होते. रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. तिनं पियानोवरची छत्री खाली ठेवली, पुढची फळी काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. मग मागचं दार वाजलं आणि ताई आत आली. शाळेचीच साडी, शाळेचाच चष्मा. शेवटच्या रांगेतली एक खुर्ची ओढून बसली आणि हात मांडीवर ठेवले, परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या माणसासारखे.

किल्लीनं ऐकवायला म्हणून तीन पट्ट्या वाजवल्या. पहिली. दुसरी. मग तिसरी, आणि सभागृहभर ती लहर. वाँव, वाँव. किल्लीनं मागे वळून बघितलं. ताईच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती. एवढंच.

ती आठी किल्ली ओळखत होती. वर्गात मुलाचं बोट चुकलं की पडायची ती. अंगाचा तिळपापड झाला. हिला वाटतंय मला हे ऐकू येत नाही. तीस वर्षं हेच काम केलं, आणि हिला वाटतंय मी बेसूर पियानोपुढे बसून मिरवतेय. सांगता आलं असतं, की हे मुद्दाम आहे, हेच संगीत आहे. एका वाक्याचं काम होतं. पण ताईला समजावून सांगायचं म्हणजे आधी तिच्यापुढे खुलासा करायचा, आणि खुलासा किल्लीच्या रक्तात नव्हता. हात पिशवीत गेला. बाजूच्या तारा मुक्या करायला त्यांत नमद्याची लोकरी फीत अडकवली, लोखंडी किल्ली खुंटीवर चढली, मनगट इतकुसं फिरलं. लहर लांबली, आळसावली, विझली. सरळ, स्वच्छ, काचेसारखा सूर. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिनं विजयानं मागे बघितलं.

ताईच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

आणि मग आपण काय केलं ते किल्लीला हात खाली घेता घेता कळलं.

पोरगी आली, कात्र्या आला, माईक लागले. किल्ली बसली, पहिली पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. सरळ सूर. पोरीनं हेडफोन काढले आणि विचारलं, लहर कुठं गेली? किल्ली म्हणाली, हवा. परवा दमट होती, आज कोरडी, लाकूड आकसतं. तोंडातून असं सफाईनं निघालं की तिचाच तिला विश्वास बसला असता. मागे ताई सगळं बघून बसलेली, आणि ताई एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं.

मग किल्लीनं तार पुन्हा ढिली करायचा प्रयत्न केला. केली. पण वीस वर्षांत सावकाश उतरलेली तार एका जागी बसलेली असते. आत्ता ओढलेली तार बसत नाही, मिनिटामिनिटाला सरकते. पहिल्या वेळी श्वासात पाच लहरी आल्या, दुसऱ्या वेळी सहा, तिसऱ्यांदा नुसती कुरकुर. त्यात जीव नव्हता. मुद्दाम लंगडणाऱ्या माणसासारखं ऐकू येत होतं. पोरगी म्हणाली की लोकांना फरक कळणार नाही, मावशी. किल्लीनं किल्ली खाली ठेवली.

"मला कळेल," ती म्हणाली. आणि मग, कुणाकडेही न बघता, "हवाबिवा काही नाही. मीच लावला. सवयीनं म्हणा, नाहीतर माजानं म्हणा."

कात्र्यानं घड्याळ बघितलं. त्याच्या डब्यातलं तयार संगीत सभागृहात येऊन उभं राहिल्यासारखं झालं. शनिवारी तीनपर्यंत तुमचं मिळालं तर बघू, नाहीतर सातही जागी माझंच लावावं लागेल, अर्धं एक आणि अर्धं दुसरं चालत नाही, असं त्यानं पोरीला बाजूला घेऊन सांगितलं. किल्लीचा कान. तिला पाठमोरं असूनही ऐकू आलं. ताई कधी उठून गेली ते मात्र तिला कळलं नाही.

शुक्रवारी तिनं वही काढली. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, कुठल्या महिन्यात कुणाचं काम केलं त्याच्या तारखा. एकही पियानो बिघडलेला मिळेना. जिथं जिथं आठवलं तिथं ती गेली. नाचाच्या वर्गात गेली, तिथं गेल्याच महिन्यात तिनंच लावला होता. वृद्धाश्रमात गेली, तिथल्या आजोबांनी तिला कौतुकानं सांगितलं, तुम्ही लावून गेल्यापासून कसा टवटवीत आहे बघा. तिनं एक पट्टी दाबली, आणि खरंच, इतका टवटवीत होता की रडू यावं. वकिलाकडेही गेली. वकिलानं पुढचं दार उघडून चहा विचारला. तिनं उभ्या उभ्या पाच पट्ट्या वाजवल्या, नको म्हणाली आणि निघाली. रस्त्यानं चालताना पिशवी मांडीवर आपटत होती आणि तिला वाटत होतं, ही कुठंतरी गटारात टाकून द्यावी. चांगलं काम केल्याची शिक्षा माणसाला अशीही मिळते.

चार वाजता ती घराखालच्या आपल्या दुकानात येऊन बसली. दुकान म्हणजे एक खोली, तारांची वेटोळी, दोन उघडे पियानो, दोघांची पोटं रिकामी. बसली म्हणजे काय, उठत-बसत होती. तेवढ्यात दारात ताई. दुकानात ती कधी आली नव्हती. उंबऱ्यापाशी थांबली, खाली पडलेल्या खुंट्या बघून पाय जपून टाकला.

तिनं विचारलं की मिळाला का. किल्ली म्हणाली, नाही, आणि तुला काय करायचंय. काल आठी घालून बसलीस ते पुरे नाही झालं?

ताई म्हणाली की आठी नव्हती ती. मी मोजत होते. एका श्वासात चार.

किल्लीनं हातातलं तारेचं वेटोळं खाली ठेवलं.

"माझ्या घरचा बघ येऊन," ताई म्हणाली. "तसाच एक सूर आहे. चार नाही, तीनच्या आतबाहेर."

"तुझ्याकडे तो दाढीवाला येतो ना लावायला?"

"कुठला दाढीवाला?"

"तुझा तो. अकरा वर्षं येतोय."

"माझ्याकडे कुणी येत नाही," ताई म्हणाली. "बाबांनी शेवटचा लावला. त्यानंतर कुणाला लावू दिला नाही. त्यांनी लावलेला होता तेवढा तरी राहू दे म्हटलं. तेवढाही आता राहिला नाहीच, उतरत गेला." मग तिनं चष्मा पुसला, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. "मी त्याच्यावर रोज वाजवते. मुलांना सांगते कानाशी प्रामाणिक राहा, आणि घरी हे."

किल्लीला बोलायचं खूप होतं. अकरा वर्षांचं होतं. पण शनिवार उद्या होता, म्हणून तिनं फक्त पोरीला फोन लावला आणि ताईचा पत्ता सांगितला.

शनिवारी सकाळी नऊला सगळे ताईच्या घरी. दुसरा मजला, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोकं पाडतंय. कात्र्यानं कपाळाला हात लावला. ताई खाली जाऊन भोकं पाडणाऱ्याशी बोलून आली. काय बोलली कोण जाणे, शिक्षिका होती, तो माणूस दिवसभरासाठी काम बंद करून निघूनच गेला. किल्लीनं पियानोचं झाकण उघडलं. आतल्या लाकडावर बाबांच्या पेन्सिलीनं शेवटची तारीख लिहिलेली. ती वाचून तिनं झाकण पुन्हा मिटलं आणि तारीख नजरेआड केली. वाजवायचं होतं.

पिशवी आत आणू का, असं पोरीनं विचारलं. किल्ली म्हणाली, जिन्यात राहू दे, आणि दार लावून घे.

ताईच्या पियानोची लहर वेगळी होती. संथ. एका श्वासात तीन, कधी अडीच. सभागृहातली लहर घाईची होती, ही थकलेली. कात्र्या म्हणाला की जुळत नाही. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, पहिल्या चार जागा पाळी संपायच्या आधीच्या आहेत, बाई अजून हिशेब करतेय की काय करू, कुणाला सांगू. उरलेल्या तीन नंतरच्या. नंतर माणूस असाच वाजतो. कात्र्यानं त्यावर मान हलवली, पण हे त्याला पटलं की घड्याळाला, ते कळलं नाही.

किल्लीनं पाचवी जागा वाजवली, सहावी वाजवली. सातवीला तिसरी पट्टी दाबून ती संपेपर्यंत थांबायचं होतं, सगळ्यांत लांब. उजवं बोट पट्टीवर आणि डावा हात रिकामा. डाव्या हाताला नुसत्या मुंग्या येत होत्या. हीच तर ती लहर, बाबांनी मारलेली आणि पुन्हा उगवलेली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ती दात दाबून बसली. आवाज बारीक होत गेला, इतका की शेवटी फक्त लहरच उरली, सूर नव्हताच. मग तीही गेली. पलीकडे शेजाऱ्याची पाण्याची मोटार बंद झाली, तेव्हा ती चालू होती हे सगळ्यांना कळलं.

कात्र्या आणि पोरगी सामान घेऊन त्याच्या खोलीवर पळाले. दोन वाजले होते. ताईनं चहा ठेवला. कप आणून ठेवला आणि पियानोकडे बघत म्हणाली, झालं ना तुझं? मग आता लावूनच टाक. मला रोज ऐकवत नाही.

किल्ली उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली, कडीला हात घातला, बाहेर पिशवी होती. अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आत्ताच ऐकलं होतं. ती तशीच उभी राहिली आणि मग परत येऊन बसली. सिनेमा जाऊ दे आधी, म्हणाली. ताईला नवल वाटलं. दोघी समोरासमोर बसल्या. किल्ली पाय हलवत होती. ताई तो पाय बघत होती. बशीतली बिस्किटं एकेक करून संपली, सगळी किल्लीनंच खाल्ली.

साडेतीनला फोन वाजला. कात्र्या होता. सातव्या जागेत ती मोटार घुसलीय, काढता येईल वाटलं होतं, पण काढायला गेलं तर लहरच खरवडली जाते, पुन्हा वाजवावं लागेल. मावशी, लावला नाही ना तुम्ही? त्याचा आवाज ऐकून किल्लीला पहिल्यांदा कळलं की त्यालाही हे संगीतच हवं होतं.

"नाही लावला," ती म्हणाली. "ये पळत."

तो धापा टाकत जिना चढून आला. ताईनं शेजाऱ्याचं दार वाजवून मोटार बंद करायला लावली आणि ती चालू होऊ नये म्हणून तिथंच त्याच्या दारात उभी राहिली. किल्लीनं वाजवलं. एकदाच. कात्र्यानं कानाला लावून ऐकलं, अंगठा दाखवला आणि आला तसा पळाला.

पाचला बारा मिनिटं असताना पोरीचा निरोप आला, गेलं. किल्लीनं तो ताईला वाचून दाखवला. मग बाहेर जाऊन पिशवी आत आणली, जमिनीवर ठेवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं विचारलं, लावू का?

ताईनं ती पट्टी दाबली. लहर संपेपर्यंत ऐकली. पुन्हा दाबली.

"आज नको," ती म्हणाली. "सोमवारी ये."

"सोमवारी मला तुझ्याच शाळेत दोन आहेत. मंगळवारी."

"मंगळवारी."

"अकराला येते. आणि मी काम करत असताना मध्ये बोलायचं नाही."

"बोलत कोण होतं?" ताई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.